एचटूएस बाटली: घरच्या विहिरीचं पाणी तपासायला घेतली, वापरून जे वाटलं ते सगळं

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून लिहितेय. ज्यांच्याकडे नळयोजनेचं पाणी नाही किंवा असलं तरी भरवशाचं नाही, आणि घरच्या विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणीच प्यायला आहे, त्यांनी हा रिव्ह्यू पूर्ण वाचा. मोठा आहे, पण यात कापण्यासारखं मला काही सापडलं नाही.

प्रॉडक्ट म्हणजे एचटूएस बाटली. कुणी एचटूएस व्हायल म्हणतं, आमच्याकडच्या आशाताई नुसतं "ती काळी होणारी बाटली" म्हणतात. छोटी झाकणाची बाटली असते, आत तळाला कागदाची पट्टी किंवा सुकवलेली पावडर असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि एक-दोन दिवस ठेवून द्यायचं. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असतील तर पाणी काळं पडतं, नसतील तर पिवळट-तपकिरी आहे तसंच राहतं, बस्स एवढंच. मशीन नाही, बॅटरी नाही, लाईट नाही. ही पद्धत आपल्याकडचीच आहे, १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतले के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली आणि नंतर बाहेरच्या देशांतही वापरली गेली. आत जंतूंना वाढायला जे अन्न असतं त्यात थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो, आतड्यात राहणारे बरेचसे जंतू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाईड वायू करतात, तो लोहाला भिडला की काळा साका तयार होतो, म्हणून नाव एचटूएस. वेगवेगळ्या कंपन्या बनवतात, मी एका कंपनीची अशी शिफारस करत नाहीये, पद्धतीचा रिव्ह्यू आहे हा. मी घेतल्या तेव्हा बाटलीमागे ५०-६० रुपयांच्या आसपास पडली.

आता ही घ्यायची वेळ का आली ते सांगते. आम्ही चिपळूण तालुक्यातले, विहीर जांभ्यात खणलेली, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची, तीन घरांत सामायिक. पाणी इतकं नितळ की मे महिन्यात तळाचे दगड दिसतात. त्यामुळे पाण्याबद्दल कुणाला कधी शंका नव्हती, पोरांना पावसाळ्यात जुलाब झाले की "हवा बदलली" म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मग एक दिवस घरी एक फिल्टरवाला आला, कंपनीचं नाव नको. त्याने पेनासारखं टीडीएस मीटर बुडवलं, ७० च्या आसपास आकडा आला, आणि मग दोन ग्लासांत सळया सोडून करंट दिला, आमच्या पाण्याच्या ग्लासात गढूळ हिरवट-काळा गाळ जमला आणि त्याच्या मशीनचं पाणी स्वच्छ राहिलं. जाऊबाई घाबरल्याच, म्हणाल्या "वहिनी, हे पितोय होय आपण इतकी वर्षं!"

तर ऐका, तो गाळ पाण्यातला नसतो, सळयांचा असतो. लोखंडाची सळी करंटने विरघळते आणि तिचा गंज तयार होतो. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, आरओच्या पाण्यात क्षारच काढून टाकलेले असतात म्हणून करंट वाहत नाही आणि सळी तशीच राहते. यात घाण किती, जंतू किती याचा काही संबंध नाही. आणि टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, पाण्यात चमचाभर मीठ टाका आकडा भसकन वर जाईल, पण शौचालयाचं पाणी थोडं मिसळलं असेल तर आकडा जवळपास हलत नाही. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस ५०० पर्यंत ठीक धरलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आमच्या जांभ्यातलं पाणी मुळातच हलकं, त्यातलं आणखी क्षार काढायला हजारो रुपयांचं आरओ लावायचं आणि वर बादल्याच्या बादल्या पाणी मोरीत सोडायचं कशासाठी? आमच्या पाण्यातला प्रश्न क्षारांचा नाहीच, जंतूंचा असू शकतो, आणि तो त्या माणसाने तपासलाच नाही. याचा मला राग आला आणि म्हणून बाटल्या मागवल्या.

वापरायला सोपी आहे पण हाताची स्वच्छता पाहिजे. साबणाने हात धुवा, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नका, झाकण जमिनीवर ठेवू नका. पाणी थेट विहिरीतलं घ्या, टाकीतलं किंवा हंड्यातलं घेतलंत तर टाकीचा दोष विहिरीवर यायचा. मी तर वेगळ्या दोन बाटल्या भरल्या, एक विहिरीची आणि एक स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या हंड्याची, आणि सगळ्यांना हेच सांगते, कारण पुष्कळ घरांत विहीर चांगली असते आणि हंड्यात हात बुडवून पेला काढतात तिथे बिघडते. बाटलीवर मार्करने तारीख आणि जागा लिहा. मग उबदार जागी ठेवा, ३० ते ३७ डिग्री चांगलं. उन्हाळ्यात कुठेही ठेवली तरी २४ तासांत कळतं, पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टला हवा गार असते तेव्हा पूर्ण ४८ तास थांबा, एका दिवसात पिवळी दिसली म्हणून खूश होऊन फेकू नका. चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली बरी, पण चटका बसेल इतकी जवळ नको.

आमची विहिरीची बाटली काळी झाली. हंड्याची पण झाली, अर्थात पाणी तेच.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाटली काळी झाली म्हणजे कुणीतरी पाणी साफ करायचं औषध विकेल आणि ते टाकलं की झालं, असं नाही. आमच्या गावच्या आशाताई आल्या, त्यांनी बाटली बघितली आणि म्हणाल्या, "वहिनी, काळी झाली म्हणून घाबरायचं नाय, वरनं कुठनं उतरतंय ते बगायचं." मग त्यांनी मला विहिरीभोवती चक्क फिरवलं. ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक स्रोतांचं असं सर्वेक्षण होतंच, त्यावरून गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं, लाल म्हणजे धोका जास्त. पण खाजगी विहिरीकडे बघायला सहसा कुणी येत नाही, ती मालकाची जबाबदारी. म्हणून ते बघणं आपणच शिकायला लागतं. कठडा आहे का आणि किती उंच, भोवतीचा ओटा फुटलाय का, कपडे-भांडी धुतलेलं पाणी कुठे जातं, गोठा-उकिरडा चढावर आहे की उतारावर, शौचालयाचा शोषखड्डा किती लांब. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान १५ मीटर, म्हणजे ५० फूट अंतर हवं असं सर्वसाधारणपणे सांगतात, पण जांभ्यात मला तेवढंही पुरेसं वाटत नाही, कारण जांभा भोकांचा दगड, त्यातून पाणी गाळून न जाता भोकाभोकांतून सरळ धावतं. मातीत जे जंतू अडकून मरतील ते इथे जिवंत विहिरीत पोचतात. त्यामुळे खड्डा चढावर असेल तर ५० फुटांवर समाधान मानू नका.

आमच्याकडे दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे ओट्याला पंपाच्या पाइपाशी मोठी भेग गेलेली आणि त्याच ओट्यावर आम्ही तीन घरच्या बायका कपडे धुतो, पोरांचे लंगोटसुद्धा, ते पाणी भेगेतून खाली मुरून परत विहिरीतच. वरून बादलीभर पाणी ओतलं आणि आत वाकून बघितलं तर चिऱ्याच्या सांध्यातून ओघळ उतरताना दिसला. दुसरं म्हणजे चढावर झालेलं एक नवीन घर, त्यांचा शोषखड्डा. त्यांच्याशी बोलणं अवघड होतं, कारण पाण्यावरून बोललं की गावात भांडणच समजतात. मी काळी बाटली घेऊन गेले, आरोप केला नाही, म्हटलं काका, तुमच्या विहिरीचं पण बघूया का. त्यांची पण काळी झाली. मग बोलणं सोपं झालं. त्यांनी शौचालयाची टाकी बंदिस्त करून घेतली आणि तिचं पाणी उताराच्या दुसऱ्या बाजूला नेलं. हे फिल्टरने झालं नसतं, बाटलीने झालं, म्हणून मी हिला एवढं मानते.

ओट्याचं काम म्हणजे भेग खरवडून सिमेंट, ओटा बाहेरच्या बाजूला उतरता, भोवती गटार काढून सांडपाणी केळींना, कठडा कमरेएवढा, वर जाळी. कपडे धुवायची दगडी खाली हलवली, सुरुवातीला कुरकुर झाली पण आता सवय झालीय. विहीर उपसून गाळ काढला, आणि इथे हात जोडून सांगते, विहिरीत माणूस उतरवण्याआधी हवेची खात्री करा. जळता कंदील दोरीने खाली सोडतात, तो विझला तर उतरायचंच नाही, पण कंदील पेटता राहिला म्हणजे विषारी वायू नाही असंही नाही, म्हणून कमरेला दोर बांधलेला हवा, वर दोन-तीन माणसं हवीत आणि कुणी आत पडलं म्हणून दुसऱ्याने उडी मारायची नाही. डिझेल-पेट्रोलचा पंप कधीही विहिरीच्या आत उतरवून चालू करायचा नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि माणसं त्यानेच जातात.

मग टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. लोक विहिरीत मूठभर फेकतात आणि झालं म्हणतात, तसं करू नका. पाणी किती आहे ते आधी काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागायचं आणि मग १००० ने गुणलं की लिटर. उदाहरणार्थ ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटरच्या आसपास. नेहमीच्या शुद्धीकरणाला चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी पेस्ट करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडा आणि खालीवर हलवून सगळीकडे मिसळा. तळाला उरलेला चुना विहिरीत ओतायचा नाही, त्याने पाणी जड होतं. निदान अर्धा तास, शक्यतो तासभर ते पाणी वापरू नका. आम्ही रात्री जेवणं झाल्यावर टाकतो, सकाळपर्यंत कुणाला अडचण नाही.

पावडर ताजी असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण कोकणातल्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. म्हणून झाकणाच्या डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. ती लागू पडली का ते कसं कळणार? त्याला ओटी टेस्ट, पाण्यात थेंब टाकला की पिवळा रंग आला पाहिजे. किंवा डीपीडी, तिच्यात गुलाबी रंग येतो, आणि घरी करायला मला ती जास्त बरी वाटते कारण ओटीचं रसायन, ऑर्थोटोलिडीन, हाताळायला चांगलं नाही. पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. मुलं वास येतो म्हणून तोंड वाकडं करतात, पाणी थोडा वेळ उघड्या भांड्यात राहिलं की वास बराच कमी होतो.

ज्यांना रोज-रोज हे जमत नाही त्यांनी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली दोन मडक्यांची पद्धत विचारून घ्या. एका मडक्यात दुसरं, आत एक किलो पावडर आणि दोन किलो जाडी वाळू ओलसर कालवून, दोन्हींना भोकं, तोंड बांधून पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडायचं, हळूहळू क्लोरीन झिरपत राहतो, घरगुती छोट्या विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतो. मोठ्या विहिरीला नाही चालणार, ती साधारण साडेचार हजार लिटरपर्यंतच्या विहिरीसाठी आहे, त्यामुळे आमच्याकडे नाही वापरली.

काम झाल्यावर थोडे दिवस गेले, क्लोरीन ओसरला, तेव्हा परत बाटली भरली. टीसीएल टाकल्या-टाकल्या तपासून उपयोग नाही, तेव्हा ती पिवळी राहणारच, त्याने विहीर बरी झाली का ते कळत नाही. आमची पिवळी राहिली. सगळा मे महिना पिवळी. आणि जूनचा पहिला मोठा पाऊस पडून गेला तशी पुन्हा काळी! वाईट वाटलं खूप, पण नंतर समजलं की पहिल्या पावसात सगळ्या रानाची घाण धुऊन खाली येते आणि उघड्या विहिरीला ते थोडंफार होतंच. म्हणून आता आमच्या तिन्ही घरांचं ठरलंय, पहिल्या पावसापासून गणपती होईपर्यंत नियमाने टीसीएल आणि प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच ठेवायचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा ज्यांच्या विहिरी बुडाल्या त्यांनी तर ते पाणी पूर्ण उपसून, जास्त मात्रेने क्लोरीन मारून, परत उपसून आणि तपासूनच प्यायला घ्यायला हवं होतं. पुराचं पाणी ओसरल्यावर विहीर वरून स्वच्छ दिसते त्यावर जाऊ नका.

आता बाटलीच्या मर्यादा, कारण काही जण हिला पूर्ण तपासणी समजतात. ती हो किंवा नाही एवढंच सांगते, जंतू किती ते नाही. जमिनीतून मुळातच गंधकाचा वास येणारं पाणी असेल, काही खोल बोअरना येतो, तर शौचालयाचा संबंध नसतानाही काळी होऊ शकते. आणि उलट, पिवळी राहिली म्हणजे कावीळ होणार नाही अशी हमी नाही, कारण कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू आहेत, बाटलीत वाढत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा विहिरीच्या पाण्याचा विषय सगळ्यांच्या तोंडी होता, त्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूचं नाव होतं, तोही या बाटलीत दिसेल असं धरू नका. बाटलीचा अर्थ एवढाच की घाणीला विहिरीत यायला वाट आहे का. वाट असेल तर तिच्यातून काहीही येऊ शकतं.

आणि रसायनं तर ती अजिबात दाखवत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या लोकांनी हे खास वाचा, तुमच्याकडे बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे, मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं धरतात, आणि बाटली मात्र छान पिवळी राहील. फ्लोराईडला लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर नको. उसाच्या-द्राक्षाच्या पट्ट्यात नायट्रेट बघा, मर्यादा ४५ मिलिग्रॅम, तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी घालत असाल तर जास्तच काळजी. ही दोन्ही उकळून जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. तिथे आरओ उपयोगी आहे, सरसकट आरओच्या विरोधात नाहीये मी. यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या प्रयोगशाळा आहेत, जलजीवन मिशनमध्ये अशा लॅब सामान्य लोकांना नाममात्र फीत तपासून देण्यासाठी खुल्या केल्यात, जाऊन विचारा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लॅबकडूनच घ्यायची आणि भरून बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची, घरची कोल्ड्रिंकची बाटली धुऊन नेलेली चालत नाही. रिपोर्टमध्ये ई. कोलाय १०० मिलीमध्ये शून्यच पाहिजे, तिथे सूट नाही.

माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा लॅब, आणि बाटली मे महिन्यात, पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीच्या सुमाराला.

प्रॉडक्टबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. मला आलेल्या पाकिटात सूचना फक्त इंग्रजीत होत्या, आणि हे जिथे वापरायचं तिथे मराठी पाहिजेच. दुसरी जास्त गंभीर, काळी झालेली बाटली टाकायची कशी हे ठळक लिहिलेलं नव्हतं. तिच्यात जंतू वाढवलेले असतात, पोरांच्या हाताला लागली तर काय! उघडून मोरीत ओतू नका. मी हातमोजे घालून त्यात ब्लिचिंगचं घट्ट पाणी भरते, रात्रभर ठेवते आणि मग विहिरीपासून लांब पुरते. एवढ्यासाठी एक स्टार कापतेय, पाचपैकी चार.

विकत घेताना एक्सपायरी बघा, आतली पट्टी किंवा पावडर ओलसर अथवा बुरशी आलेली दिसली तर परत करा, आणि एकटी घेऊ नका, वाडीत मिळून मागवा म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्या विहिरींची एकाच दिवशी भरता येते. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे किंवा आशाताईंकडेही विचारून बघा, आमच्याकडे टीसीएल मागितली की देतात. बोअरवाल्यांनी केसिंगच्या तोंडाशी पाणी साचतं का तेवढं आधी बघून घ्या, बाटली नंतर भरा.